रावबहादुर धुरंधर आणि आपली लुगडी

राजा रविवर्म्याचे नाव आपल्यापैकी बहुतेक सर्व भगिनींना ठाऊक असते. त्याची लक्ष्मी आणि सरस्वती पुष्कळ घरांच्या देवघरात पूर्वी होती, काही घरांत अजूनही आहे. परंतु रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर हे नाव घेतले, तर पुष्कळजणी विचारात पडतात. वास्तविक आपल्या आज्या-पणज्या कशा दिसत होत्या, लुगडे कशा नेसत होत्या, डोक्यावर पदर कशा घेत होत्या, हे जर कोणी आपल्यासाठी रंगांत नीट मांडून ठेवले असेल, तर ते धुरंधरांनी. यंदा आपल्या मंडळाने वर्धापनदिनानिमित्त जुन्या वस्त्रांचे छोटेसे प्रदर्शन भरविण्याचे ठरविले आहे आणि वस्त्रांपुढे ठेवायच्या माहितीच्या पाट्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून अशा कामात ज्याचा हात धरून चालावे असा माणूस शोधू लागले, तेव्हा धुरंधर सापडले. त्यांची हकिकत सर्वांना कळावी म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरास झाला. ते पाठारे प्रभू समाजातील. कोल्हापूर हे त्या काळी कलेची कदर करणारे संस्थान. आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार त्याच गावचा. मुलाला चित्रांचा नाद लहानपणापासूनच होता. चित्रे काढून पोट भरते यावर त्या काळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता, आणि आजही थोडक्याच आईबापांचा असतो. तरी १८९० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. ही शाळा १८५७ पासून चालू होती. तेव्हा तिचे मुख्य जॉन ग्रिफिथ्स नावाचे साहेब होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे मोठे काम त्यांनी अनेक वर्षे चालविले होते. जे समोर आहे ते नीट पाहावे आणि जसे आहे तसे काढावे, ही त्या शाळेची शिकवण. धुरंधरांच्या हातात ती जन्मभर राहिली.

पाच वर्षांनी, म्हणजे १८९५ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या एका चित्राला सुवर्णपदक मिळाले. चित्राचे नाव इंग्रजीत होते, त्याचा अर्थ लक्ष्मी, तू आलीस का असा. ज्या प्रदर्शनांत साहेबांचीच चित्रे मिरवत, तेथे एका मराठी तरुणाने काढलेल्या आपल्या घरच्या विषयाला हा मान मिळाला, ही गोष्ट मला विशेष वाटते. मोठे होण्यासाठी त्यांना विलायतेचे देखावे काढावे लागले नाहीत. आपले घर, आपली बाई आणि आपले लुगडे एवढे त्यांना पुरले.

दुसऱ्याच वर्षी, १८९६ मध्ये, ते त्याच शाळेत शिक्षक झाले. पुढे मुख्याध्यापक झाले. १९३० साली काही काळ सबंध संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली. तोपर्यंत त्या खुर्चीवर एकही भारतीय बसला नव्हता. १९३१ साली ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून उंबरठा ओलांडला तेव्हापासून निवृत्तीपर्यंत एकूण एकेचाळीस वर्षे झाली. म्हणूनच १९४० साली निघालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे नाव दिले. सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली. दिल्लीच्या नव्या सचिवालयातील भिंतींवर चित्रे काढण्याच्या कामातही त्यांचा हात होता. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांची चित्रे आपल्या संग्रहात घेतली. ती औंधच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात.

घरच्या बाजूनेही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपण बायका माणसाची पारख घरावरून करतो. त्यांच्या पहिल्या पत्नी बापूबाई लवकर वारल्या. पुढे गंगूबाईंशी त्यांचे लग्न झाले. चित्रासाठी समोर बसायला परकी बाई मिळणे त्या काळी किती कठीण होते, याची आपण कल्पना करू शकतो. अशा वेळी गंगूबाईच त्यांच्यापुढे बसत. तासन्‌तास एका ठिकाणी न हलता बसणे हे काम सोपे नव्हे. स्वयंपाक आणि पाहुणे सांभाळून ज्या बाईने ते केले, तिचा त्या चित्रांत निम्मा वाटा आहे, असे माझे मत आहे. त्यांची कन्या अंबिका १९१२ साली जन्मली. बापाने तिच्या हातात कुंचला दिला, त्याच कलाशाळेत तिला शिकविले आणि ती स्वतः नामांकित चित्रकर्ती झाली. अंबिकाबाई २००९ पर्यंत हयात होत्या. मुलीला शिकवावे की नाही यावर घराघरांत वाद होत असलेल्या काळातील ही गोष्ट आहे.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळते. धुरंधरांना रेखाटन करण्याची विलक्षण सवय होती. रस्त्याने जाताना, बाजारात, गाडीत, लग्नात, जिथे माणूस दिसेल तिथे त्यांची वही बाहेर येई. घाईने चालणारी बाई आणि उभी राहून गप्पा मारणारी बाई यांचे पदर वेगळे पडतात, हे वहीत टिपल्याशिवाय लक्षात राहत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची पोस्टाची कार्डे छापली गेली. त्यांत मुंबईतील नाना तऱ्हेची माणसे होती, आणि थोडा खट्याळ विनोदही होता. ती कार्डे लोकांच्या हातोहाती दूरदेशी गेली.

१९१४ साली किंकेड नावाच्या साहेबाने आपल्याकडच्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. ज्या आपण श्रावणात हातात अक्षता घेऊन ऐकतो, त्याच आटपाट नगरातल्या कहाण्या. त्या पुस्तकाची चित्रे धुरंधरांनी काढली. विलायतेतील मुलांनी ते पुस्तक उघडले असेल, तेव्हा कहाणीतली सून त्यांना आपल्या वेषातच दिसली असेल. कहाणी परक्या भाषेत गेली, पण लुगडे मराठीच राहिले. हे धुरंधरांमुळे झाले.

त्यानंतर १९२० साली मुंबईच्या तारापोरवाला यांनी एक मोठे पुस्तक काढले. त्याचे नाव 'विमेन ऑफ इंडिया', म्हणजे भारतातील स्त्रिया. लिहिणारे ऑटो रॉथफेल्ड हे सरकारी नोकरीतील साहेब, आणि चित्रे धुरंधरांची. अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे! हे पुस्तक आता फार जुने झाले असल्यामुळे सर्वांना खुले आहे. माझ्या भाचीने मोबाईलवर एकेक चित्र मोठे करून मला दाखविले. दोन दुपारी त्यात गेल्या. खोजा बाई, सुरतेची बोहरी बाई, नागर घराण्यातील तरुणी, सिंधमधील कोळीण, भिल्ल मुलगी, गोंड बाई, अशा कितीतरी जणी. कोणाचा घागरा, कोणाची ओढणी, कोणाचे आखूड नेसण. प्रत्येकीची उभे राहण्याची ढबसुद्धा निराळी. वस्त्र आणि शरीर यांची गाठ कशी असते ते त्यांना कळले होते.

आपल्या नऊवारी लुगड्याचेच पाहा. दुकानात घडी घातलेले लुगडे म्हणजे आठ-सव्वाआठ मीटरचे कापड, बाकी काही नाही. ते नेसले की त्याचे काम सुरू होते. निऱ्या घालून कासोटा मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे होतात. मग विळीवर बसा, विहिरीचे पाणी ओढा, झाडावर चढा, चिखलात उतरा. कोळीण तेच लुगडे घट्ट आणि गुडघ्याशी नेसते आणि अंगावर वेगळे फडके घेते, कारण तिला भरल्या पाटीनिशी ओल्या वाळूतून झपाझपा चालायचे असते. आपली कुणबीण लावणीच्या वेळी ते वर खोचते, डोक्यावर इरले घेते आणि दिवसभर वाकून उभी राहते. देवळात जाणारी गृहस्थाघरची बाई तेच लुगडे पायघोळ नेसते. कापडाची लांबी जवळजवळ सारखी, पण नेसण्यावरून बाईचा दिवस कसा जातो ते ओळखता येते. धुरंधरांच्या चित्रांत हे ओळखता येते, कारण त्यांनी लुगडे खुंटीवर टांगलेले पाहून काढले नाही, ते बाईच्या अंगावर पाहून काढले.

वस्त्रे आणि वेष यांचे शिक्षण लोकांना संग्रहालयातून द्यावे, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. मुंबईला भायखळ्याच्या बागेतील संग्रहालय १८७२ साली खुले झाले. त्याला पूर्वी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे नाव होते, १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. तेथे काचेच्या कपाटांत मातीच्या लहान मूर्ती आहेत. निरनिराळ्या जातीजमातींची व धंद्यांची माणसे, त्यांचे वेष आणि त्यांच्या पगड्या. शाळेची मुले अजून तेथे नाक काचेला लावून उभी राहतात. रॉथफेल्डसाहेबांच्या पुस्तकाची मांडणीही त्याच तऱ्हेची आहे. आधी सरदार घराण्यांतील स्त्रिया, मग मध्यम वर्गातील, मग कष्टकरी व आदिवासी, मग नाचणाऱ्या, आणि वेषावर एक स्वतंत्र प्रकरण.

येथे मला एक गोष्ट खटकली. ती स्पष्ट लिहिते, कारण आपल्या प्रदर्शनाचा प्रश्न तिच्यात अडकला आहे. एवढ्या चित्रांत एकाही साध्या बाईखाली तिचे नाव नाही. अमुक जातीची बाई, तमुक गावची बाई, एवढेच. म्हणजे कपाटातल्या फुलपाखराखाली लिहावे तसे. साहेब सरकारी कामाच्या नजरेने पाहत होते. त्यांना जाती मोजायच्या होत्या, माणसे ओळखायची नव्हती. वर्गाची पायरी पाहून बाईचे गुणदोष सांगण्याची त्या काळच्या लेखकांना खोड होती. धुरंधरांची चित्रे मात्र त्या मजकुराच्या पुढे गेली. भिल्ल मुलगी आणि श्रीमंत घरची बाई या दोघींना त्यांनी सारख्याच मन लावून रंगविले. गरिबाच्या लुगड्याची चुणीही त्यांनी घाईने उरकली नाही. नाव लिहिणे कदाचित त्यांच्या हातात नसेल, पण मान देणे त्यांच्या हातात होते, आणि तो त्यांनी दिला.

आपल्या हातात मात्र नाव लिहिणेही आहे. म्हणून पाट्यांविषयी मी सभेत जे सुचविले ते येथे लिहून ठेवते. आपल्या प्रदर्शनात नुसती कोळणीचे लुगडे अशी पाटी नसावी. ते कोणाचे, तिचे नाव काय, ती कोठे राहत होती, कोणते काम करीत होती, हे तिच्या घरच्यांना विचारून आणि त्यांची संमती घेऊन लिहावे. कापड कोठले ते लिहावे. इरकल असेल तर ते इलकलचे, चोळीचा खण असेल तर बहुधा गुळेदगुड्डचा, आणि दोन्ही गावे आज कर्नाटकात आहेत, हे मुलांना कळू द्यावे. रत्नागिरीच्या बाईच्या अंगावरचे कापड घाट ओलांडून येत होते, हा भूगोल पुस्तकापेक्षा चांगला लक्षात राहील. फाटलेला भाग झाकू नये. ठिगळ कोणी आणि कसे लावले, तेही पाहण्यासारखे असते. लुगडे दोरीवर टांगू नये, नेसवून दाखवावे, आणि समोरून व मागून अशी दोन साधी चित्रे जवळ ठेवावीत. समोरून सगळी लुगडी सारखी दिसतात, खरी ओळख मागच्या कासोट्यात असते. आणि एक जुनेच, पण हात लावायला चालेल असे लुगडे मुलांसाठी वेगळे ठेवावे. कापडाची ओळख बोटांना होते.

आता सर्वांत अवघड गोष्ट. आपल्या एका सभासद भगिनीच्या घरच्या पेटीत तिच्या आजेसासूबाईंचे आलवण निघाले. लहान वयात वैधव्य आलेल्या बाईचे ते तांबडे लुगडे. ते प्रदर्शनात ठेवावे की नाही यावर आमच्यात बरीच बोलाचाली झाली. शुभ दिवशी ते नको, असे काही वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे पडले. त्यांचे मन मी समजू शकते. त्यांतल्या दोघींनी अशा बाया डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्या आठवणीने त्यांचा आवाज जड झाला होता. तरुण मुलींना आलवण हा शब्दच ठाऊक नव्हता.

मला विचाराल तर ते ठेवावे. धुरंधर कलाशाळेत शिकत होते त्याच सुमारास, १८९३ साली, आपल्याच जिल्ह्यातील मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि गावाचा रोष पत्करला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. धुरंधर शिक्षक झाले तेही हेच साल. एकीकडे एक चित्रकार बाईच्या पैठणीचे तेज रंगवीत होता, तर दुसरीकडे एक शिक्षक बाईच्या अंगावरचे आलवण उतरावे म्हणून झटत होता. दोन्ही गोष्टी एकाच काळातील, आणि दोन्ही मिळून आपल्या आज्यांचा काळ पुरा होतो. नुसत्या पैठण्या आणि शालू मांडले, तर मुलींना वाटेल की पूर्वी सगळ्या बायका सणासुदीलाच जगत होत्या. ते खरे नाही. ज्या बाईने ते तांबडे लुगडे पन्नास वर्षे नेसले, तिने कोणाच्या मुलांना न्हाऊ घातले, कोणाची बाळंतपणे केली, कोणत्या पापडाच्या लाट्या लाटल्या, हे तिच्या घरच्यांना अजून आठवते. ते आपण पाटीवर लिहू. मग ते लुगडे अशुभ राहणार नाही, तो एका कष्टाळू बाईचा मान होईल. हे मी सभेत मांडले तेव्हा आजेसासूबाईंच्या सुनेने, जिचा आधी विरोध होता, थोडा वेळ गप्प राहून विचारले की पाटीवर त्यांचे माहेरचे नाव घालता येईल का. सासरी त्या नावाने त्यांना कोणी कधी हाक मारली नव्हती. आम्ही सर्वांनी होकार दिला, आणि तो प्रश्न तेथेच मिटला.

धुरंधर १ जून १९४४ रोजी मुंबईस वारले. तोपर्यंत शहरांतून पाचवारी पातळ रुळले होते. त्यांनी रंगविलेली नेसणी त्यांच्या डोळ्यांदेखत कमी होऊ लागली होती. नंतरच्या काळात नव्या तऱ्हेच्या चित्रकलेपुढे त्यांचे नाव मागे पडले. त्यांची चित्रे गोष्टीच्या पुस्तकातली, जुन्या वळणाची, असे म्हटले जाऊ लागले. पण चांगल्या कामाची आठवण कोणीतरी काढतेच. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि नव्या पिढीने ती पुन्हा पाहिली. आज कोणाला शंभर वर्षांपूर्वीचे नाटक करायचे असेल, सिनेमा काढायचा असेल किंवा जुने नेसण शिकायचे असेल, तर त्याला धुरंधरांच्या चित्रांचा मोठा आधार आहे.

त्यांनी कलाशाळेत शेकडो मुलांना शिकविले, पण आपल्यासारख्या घरात बसणाऱ्या बायकांनाही त्यांच्यापासून घेण्यासारखे आहे. रोज डोळ्यांपुढे असते तेच माणूस सर्वांत कमी पाहते. सासूबाईंचे नेसण, शेजारणीच्या चोळीची पुढची गाठ, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकणारीचा खोचलेला पदर, हे सारे आपण हजार वेळा पाहतो आणि एकदाही लक्षात ठेवत नाही. ते नाहीसे झाले म्हणजे हळहळतो. धुरंधर हळहळले नाहीत, त्यांनी वही काढली. आपल्याला चित्र काढता येत नसेल, तर चार ओळी लिहिता येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारता येते. मोबाईलवर फोटो तर आता लहान मुलेही काढतात. नेसण्याची एकेक पायरी म्हाताऱ्या हातांकडून करवून घेऊन टिपून ठेवावी. पाहणाऱ्याला ती फार उपयोगी पडेल.

तेव्हा भगिनींनो, पेट्या उघडा. पैठणी असेल तर पैठणी आणा, पण कामाचे लुगडे, लावणीचे इरले, लेकराचे टोपडे, वडिलांची बाराबंदी, आजोबांचे मुंडासे, जुनी गोधडी हेही आणा. गोधडीत तर सबंध घराची लुगडी असतात. आणि वस्त्राबरोबर ते वापरणाऱ्या माणसाचे नाव आणायला विसरू नका. वस्त्र आणि नाव दोन्ही आणलीत, तर पाटी मी लिहीन. अक्षर माझे बरे आहे, असे सर्वजणी म्हणतात.